प्रभागाचे आरोग्याचे आकडे प्रभागाला कळू द्या

संपादक महोदय,

आरोग्यसेविका म्हणून माझी सगळी नोकरी नाशिकच्या वस्त्यांत झाली. बाळांची वजनं, लसीचे डोस, तापाच्या रुग्णाचं रक्त काचपट्टीवर घेणं, पावसाळ्यात रांजण, कूलर, फ्रीजमागचा ट्रे तपासून डासांच्या अळ्या शोधणं. सापडेल ते रजिस्टरात उतरवून वर पाठवायचं. त्यातून आमच्या वस्तीबद्दल काय निष्पन्न झालं, हे ना आम्हाला कळायचं, ना ज्यांच्या दारात आम्ही उभ्या राहायचो त्या बायकांना.

हल्ली मी १९५० च्या दशकातले लंडनच्या बरोंचे आरोग्य अहवाल वाचते आहे. ते इंटरनेटवर खुले आहेत. बरो म्हणजे तिथली नगरपालिका. तिच्या आरोग्य अधिकाऱ्याला दरवर्षी अहवाल द्यावाच लागे. वर्षाच्या आत किती बाळं गेली, क्षयाचे नवे रुग्ण किती, घटसर्पाची लस किती मुलांना मिळाली, अन्नाचे किती नमुने नापास झाले, कोणती घरं राहण्यालायक नाहीत, सगळं छापून येई. जुलै १९४८ मध्ये रुग्णालयं राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे गेली, तरी अहवाल थांबले नाहीत. बाळ जन्मलं की ३६ तासांत वर्दी द्यावी लागे, मग हेल्थ व्हिजिटर घरी जाई. आमच्या गृहभेटीच त्या! पण तिच्या भेटींचा हिशेब गावासमोर येत होता.

आकडे उघड असले की दडपता येत नाहीत. डिसेंबर १९५२ च्या धुरकट धुक्यात लंडनमध्ये सुमारे ४,००० माणसं दगावल्याचं मृत्यूंच्या नोंदींवरूनच दिसलं, आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला.

नाशिक महापालिकेने असा अहवाल दरवर्षी, मराठीत, प्रभागवार काढावा, ही माझी कळकळीची विनंती. रुग्णांची नावं नकोत. डेंग्यू कोणत्या महिन्यात कोणत्या कॉलनीत वाढला, नळाच्या पाण्याचे किती नमुने दूषित निघाले, किती बाळांचे डोस राहिले, एवढं विभागीय कार्यालयाच्या फलकावर लागलं तरी पुष्कळ. पहिला अहवाल २०२७ च्या सिंहस्थातील पर्वस्नानांआधी यावा. तरच गर्दी ओसरल्यावर पंचवटीत जुलाब आणि कावीळ वाढली का, हे आधीच्या आकड्यांशी ताडून पाहता येईल.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, नाशिक