कियांतीला करवंद म्हटले तर बिघडले कुठे?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील इटालियन वाइनवरच्या लेखात एक दुरुस्ती हवी. 'मोन्तेपुल्चानो द'आब्रुत्झो' ही तोस्काना प्रांतातल्या मोन्तेपुल्चानो गावची वाइन नव्हे. या नावात मोन्तेपुल्चानो हे द्राक्ष आणि आब्रुत्झो हा प्रांत. त्या गावची वाइन म्हणजे 'वीनो नोबिले दि मोन्तेपुल्चानो', आणि ती होते मुख्यतः सांजोवेझे द्राक्षापासून. इटालियन लेबलावर कधी गाव असते, कधी द्राक्ष, कधी दोन्ही. बारोलो हे गाव, द्राक्ष नेब्बिओलो. सोआवे हे गाव, द्राक्ष गार्गानेगा. इथे गफलत झाली की एका द्राक्षाचे गुण दुसऱ्याच्या नावावर चढतात.

खरी तक्रार मात्र वर्णनाच्या भाषेबद्दल आहे. लेखातले 'ब्लॅककरंट', 'गूजबेरी' हे शब्द मराठीत उतरवून वाचकाच्या हाती काय लागते? आपल्याकडे चेरी म्हटली की केकवरची पाकातली चेरी आठवते. कियांती या तोस्कानातल्या रेड वाइनमध्ये जाणवणारी चेरी आंबट असते. तिच्या कितीतरी जवळचे आहे अर्धवट पिकलेले करवंद. तसे लिहायला संकोच कशाला? दुकानात बाटली निवडताना लेबलावरचे शब्दही लागतात, म्हणून हवे तर दोन्ही लिहावे.

आणि फळांची नावे शेवटी यावीत. आधी तोंडात मोजता येते ते. ग्लासात ५० मिलिलिटरच ओता, पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहा, फिरवा, हुंगा, मग घोट तोंडभर घोळवा. गिळल्यावर मान किंचित खाली करा. गालांच्या आत पाणी सुटले आणि सुटतच राहिले, तर आंबटपणा चढा. मग जीभ वरच्या हिरड्यांवरून फिरवा. काजूचे बोंडू चावल्यावर जसे तोंड आवळते तसे खरखरीत लागले तर ते टॅनिन. घशात उतरते ती ऊब अल्कोहोलची. नेब्बिओलो इथेच भल्याभल्यांना चकवते: रंग फिका, कडेला विटकरी, म्हणून वाइन हलकी वाटते आणि पहिल्याच घोटाला हिरड्या आवळल्या जातात. बार्बेरा या द्राक्षाचे उलट. रंग गडद, टॅनिन कमी आणि आंबटपणा सोलाच्या (कोकमाच्या) पाण्यासारखा धारदार.

प्रिमितीवो या रेड वाइनला 'गोड' म्हणणे हीसुद्धा नेहमीची चूक. नाक चिमटीत धरून घोट घ्या. गोडी जिभेवर राहिली तर साखर आहे. गेली तर तो पिकलेल्या फळाचा नुसता वास होता.

'रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी' हा सल्ला थंड देशातला. तिथली खोली १६-१८ अंशांची, आपली मे महिन्यात ३१-३२ची. त्या उष्णतेत अल्कोहोल नाकात चढते आणि फळाचा वास त्याखाली दबतो. 'अर्धा तास फ्रिजमध्ये' हा सल्लाही तिकडचाच. ३१ अंशांची बाटली १८वर यायला साध्या फ्रिजमध्ये दीड तास तरी धरावा. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मे पाणी: रेडला दहाएक मिनिटे, व्हाइटला वीस-पंचवीस. नुसत्या बर्फात वेळ जास्त लागतो, कारण खड्यांच्या मधली हवा बाटलीला चिकटून राहते. व्हाइट ८ ते १२ अंशांवर ठीक. त्याहून गार केली तर सोआवे काय आणि पिनो ग्रीजो काय, दोन्ही बर्फाच्या पाण्यासारख्या.

दुकानात बाटली उन्हाच्या बाजूला ठेवलेली असेल तर घेऊ नये. बूच तोंडाच्या वर सरकलेले किंवा वेष्टनाखाली चिकट ओघळ दिसला तर वाइन तापली आहे. चवीला ती शिजवलेल्या मुरंब्यासारखी लागते.

पावसाळ्यात आणखी एक घोळ होतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बूच खराब, हे पुस्तकात बरोबर आहे. पण जुलैत आपल्या कपाटात पालथ्या ठेवलेल्या ग्लासांनाही हुबेहूब तोच वास येतो! दुसरा ग्लास गरम पाण्याने धुऊन, निथळून, त्यात ओतून पाहा. वास गेला तर दोष कपाटाचा. राहिला, आणि हवेत ठेवल्यावर वाढला, तर बाटली परत करावी.

जेवणाबाबत लेखात बांगड्याबरोबर बारोलो सुचवली आहे. तेलकट मासळीबरोबर टॅनिनवाली रेड तोंडात लोखंडासारखी लागते. तळलेल्या इसवणाला (सुरमईला) वेर्मेंतिनो ही व्हाइट, नारळाच्या हुमणाला (माशाच्या कालवणाला) जरा भरदार फियानो, तीही व्हाइट. शाकुती या तिखट रश्श्याबरोबरच्या वाइनमध्ये टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही चढे असतील तर मिरची अधिकच भाजते. तिथे किंचित गार केलेली बार्बेरा बरी.

पुढच्या लेखात प्रत्येक बाटलीच्या किमतीशेजारी द्राक्षाचे नाव आणि किती अंशांवर प्यावी एवढे दोन रकाने छापावेत, ही विनंती.

– एक वाचक, फोंडा