स्कोअरशीटवर जे उतरत नाही

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

व्यावसायिक लीगमध्ये पहिल्यांदाच उतरणार असलेल्या तरुण बास्केटबॉलपटूंविषयी आपल्या क्रीडा पानावर हल्ली मजकूर येऊ लागला आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. पुण्यात हा खेळ शाळा-महाविद्यालयांतून आणि डेक्कन जिमखान्यासारख्या क्लबांतून कितीतरी वर्षे खेळला जात आहे; पण त्यावर पोट भरता येईल अशी कल्पना आमच्या पिढीने केली नव्हती. चांगला खेळाडू रेल्वेत, पोलिसांत किंवा बँकेत लागला की त्याचे भले झाले, असे आम्ही मानत असू. २०१५ मध्ये सुरू झालेल्या यूबीए या व्यावसायिक लीगमध्ये ‘पुणे पेशवाज’ हा आपल्या गावाचा संघ उतरला आणि हे चित्र थोडे बदलले. ती लीग टिकली नाही, पण २०२५ मध्ये २५ वर्षांखालील खेळाडूंसाठी आयएनबीएल प्रो ही स्पर्धा झाली आणि मुलांच्या मनात पुन्हा आशा उभी राहिली.

माझे म्हणणे या मुलांची पारख कशी होते, एवढ्यापुरतेच आहे. पदार्पणापूर्वी त्यांची जी ओळख करून दिली जाते ती बहुधा दोनच आकड्यांवर उभी असते: उंची किती आणि अमुक अंतिम सामन्यात गुण किती. मी तीस वर्षांहून अधिक काळ पुण्यातील शालेय, जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या सामन्यांत स्कोअरर म्हणून टेबलावर बसलो. त्यांतला दुसरा आकडा माझ्यासारख्या माणसाच्या कागदावरूनच आपल्या वार्ताहरापर्यंत येतो. म्हणून त्या कागदावर काय असते आणि काय नसते, हे सांगणे माझ्यावर आहे असे मी समजतो.

फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या अधिकृत स्कोअरशीटवर (सामन्याच्या नोंदपत्रकावर) बास्केट झाली की चालू गुणांच्या रकान्यात तिरकी रेघ येते, फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळालेला मोकळा शॉट, पडला की भरीव ठिपका येतो, आणि बास्केट तीन गुणांची असेल तर खेळाडूच्या क्रमांकाभोवती वर्तुळ येते. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरची नोंद लाल शाईत, दुसऱ्या आणि चौथ्याची निळ्या किंवा काळ्या शाईत करायची असते. फाउल, टाइमआउट आणि कोण मैदानात उतरले याची फुली, एवढे झाले की कागद पूर्ण होतो. सामना कोणी जिंकला हे निर्विवाद ठरवण्यासाठी तो कागद उत्तम आहे. मात्र हुकलेला शॉट त्यावर उरत नाही, आणि हुकलेला फ्री थ्रोही उरत नाही. रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) कोणी घेतला, बास्केटचा पास कोणी दिला, चेंडू कोणी गमावला, कोणाला कोणी रोखून धरले, बदली खेळाडू किती मिनिटे खेळला, यांपैकी काहीही त्यावर नसते. एखाद्या मुलाने ३० गुण केले असतील तर ते १८ शॉटमध्ये केले की ३८ शॉटमध्ये, हे मी स्वतः लिहिलेला कागद पाहूनही मला सांगता येत नाही. मोठ्या स्पर्धांत वेगळे सांख्यिकी पथक असते. आपल्याकडच्या जिल्हा सामन्यात ते क्वचितच असते, आणि मुलांची बहुतेक घडण तर तिथेच होते.

ज्या सामन्यांत माझी ड्यूटी नसे, त्या सामन्यांत मी शंभर पानी वही घेऊन पायऱ्यांवर बसत असे. एका वेळी दोनच खेळाडू निवडायचे आणि चेंडू त्यांच्या हातात नसताना ते काय करतात एवढेच टिपायचे, असा माझा नेम होता. अशा बऱ्याच वह्या साठल्या. त्या आज चाळताना जाणवते की पुढे ज्यांनी या खेळात काही केले, त्यांच्यातले बरेच जण शालेय वयात सर्वाधिक गुण करणारे नव्हते. ती मुले बचावात सतत बोलत, सहकाऱ्याचा शॉट सुटताच रिंगकडे पाहत उभी न राहता आपल्या वाट्याच्या प्रतिस्पर्ध्याला पाठीने अडवून धरत, आणि स्वतःची बास्केट हुकली तर सर्वांत आधी मागे धावत. हा माझा एकट्याचा अनुभव आहे आणि त्यावरून नियम बांधता येणार नाही, हे मला मान्य आहे. तरीही निवड करणाऱ्यांनी निदान या गोष्टींकडे पाहावे, एवढे बळ त्या नोंदींत नक्की आहे.

या सगळ्यात सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित नोंद फ्री थ्रोची. अंतर ठरलेले, ४.६ मीटर, समोर कोणी हात वर करून उभे नाही, शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर आणि व्यावसायिक लाकडी कोर्टवर रिंगची उंची तीच, ३.०५ मीटर. म्हणजे लहान स्पर्धेतून मोठ्या स्पर्धेत जाताना ज्या थोड्या गोष्टी बदलत नाहीत त्यांत ही एक आहे. तीन गुणांच्या शॉटचे तसे नाही. कुमार वयातला मुलगा एका हंगामात असे थोडेच शॉट घेतो, त्यांतले चार इकडचे तिकडे झाले तरी त्याची टक्केवारी पार बदलून जाते, शिवाय बचाव किती ढिला होता हे आकडा सांगत नाही. त्यामुळे अमेरिकेतले विश्लेषक महाविद्यालयीन खेळाडू व्यावसायिक खेळात लांबून कसा मारेल याचा अंदाज बांधताना त्याच्या फ्री थ्रोच्या टक्केवारीला मोठे महत्त्व देतात. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा नामवंत खेळाडू केविन ड्युरंट २००७ मध्ये तिच्या निवडपूर्व चाचणीत १८५ पौंडांचे, म्हणजे सुमारे ८४ किलोंचे वजन एकदाही उचलू शकला नव्हता, आणि त्याची बरीच चर्चा झाली होती. पण त्याच मुलाचे महाविद्यालयातले शंभरातले ऐंशीहून अधिक फ्री थ्रो आत जात होते. पुढे तो काय झाला हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आपल्याकडे पुण्यातल्या एखाद्या १७ वर्षांच्या मुलाची फ्री थ्रोची टक्केवारी विचारा. ती त्याच्या प्रशिक्षकालाही बहुधा ठाऊक नसते, कारण ती कुठे लिहिलेलीच नसते.

उंचीविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण या एका मोजमापाने आपण अनेक मुलांचे नुकसान केले आहे. शाळेत सहा फूट तीन इंच उंचीचा मुलगा आला की त्याला लगेच रिंगखाली उभे केले जाते. चेंडू वरून द्या, तो वळून टाकेल, संघ जिल्हा जिंकेल. चार-पाच वर्षे तो रिंगकडे पाठ करूनच खेळतो. व्यावसायिक संघात मात्र त्या उंचीचा माणूस सेंटर, म्हणजे रिंगखालचा खेळाडू, नसतो, त्याला बाहेरून खेळावे लागते. आणि तिथे पोहोचल्यावर कळते की त्याला डाव्या हाताने ड्रिबल येत नाही, धावत येऊन थांबून शॉट घेता येत नाही आणि चपळ गार्डच्या (बाहेरून चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूच्या) समोर पाय हलवता येत नाहीत. यात दोष त्या मुलाचा नसतो. म्हणून पदार्पणापूर्वी त्याच्याकडे पाहताना तो आज कोणत्या जागी खेळतो यापेक्षा उद्या त्याला कोणत्या जागी खेळावे लागेल, हे आधी विचारले पाहिजे. सतनामसिंग भामरा २०१५ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला, तो पहिलाच भारतीय. सात फूट दोन इंच उंचीच्या या तरुणावर साऱ्या देशाने आपल्या आशा लादल्या. एनबीएच्या मुख्य स्पर्धेत त्याला एकही सामना मिळाला नाही, तेव्हा त्याच देशाने त्याच्याकडे पाठ फिरवली. पंजाबातल्या खेड्यातून निघून चौदाव्या-पंधराव्या वर्षी परक्या देशात जाऊन त्याने जे केले ते मला आजही मोठे वाटते. याउलट निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ व्या क्रमांकावर निवडला गेला, कारण उडी आणि वेग या मोजमापांत तो बसत नव्हता. त्याचे पास मोजायला टेप नव्हती. तीन वेळा तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

वयाचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. १६ वर्षांखालील गटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला अशी दोन मुले एकाच रांगेत उभी केली जातात आणि त्या वयात अकरा महिन्यांत अंगाचा किती फरक पडतो हे कोणत्याही आईला विचारावे. एक प्रसंग मी विसरू शकत नाही. एका संघाच्या निवड चाचणीत चौदा वर्षांचा एक ठेंगणा मुलगा होता. पास देण्याआधी तो दोन वेळा डोळे फिरवून कोर्ट पाहून घेत असे, जे त्या वयात मी फार थोड्यांत पाहिले आहे. निवड समितीने त्याला भिंतीशी उभे करून उंची मोजली आणि घरी पाठवले. मी टेबलावरचा माणूस. निवडीत बोलण्याचा मला अधिकार नव्हता आणि मी बोललो नाही. तीन वर्षांनी तो मुलगा रस्त्यात भेटला तेव्हा माझ्याहून उंच झाला होता, आणि खेळ त्याने केव्हाच सोडला होता. त्या दिवशी मी गप्प राहिलो याची बोचणी अजून जात नाही, आणि हे पत्र लिहिण्यामागे तेही एक कारण आहे.

व्यावसायिक पदार्पणात नेमके काय बदलते, तेही वाचकांपुढे यायला हवे. आपल्या शालेय सामन्यांत बहुतेक संघ झोन लावून, म्हणजे प्रत्येकाने आपापला भाग राखत, उभे राहतात, त्यामुळे एका माणसाला तोंड देऊन त्याला अडवण्याची सवय मुलांना लागत नाही. पुढच्या पातळीवर प्रतिस्पर्धी प्रशिक्षक नवख्या मुलाला हेरतो आणि स्क्रीनवर स्क्रीन लावून (बचाव करणाऱ्याच्या वाटेत आपला खेळाडू आडवा उभा करून) प्रत्येक चालीत त्यालाच बचावाला ओढतो. शॉट घेण्यासाठी असलेल्या २४ सेकंदांत त्याने चार निर्णय चुकवले की बास्केट झालीच. आजकाल तीन-विरुद्ध-तीन स्पर्धांतूनही मुले पुढे येत आहेत आणि ते चांगलेच आहे, पण अर्ध्या कोर्टवर, १२ सेकंदांच्या घड्याळात खेळणाऱ्या मुलाचे एकट्याचे कसब दिसते. चेंडू गमावल्यावर २८ मीटर मागे धावत जाऊन तो आपला माणूस शोधतो का, हे तिथे दिसूच शकत नाही. शिवाय शाळेत ३५ मिनिटे खेळणारा, प्रत्येक चाल ज्याच्या हातून जात असे असा मुलगा, व्यावसायिक संघात पहिल्या वर्षी बाकावर बसतो आणि मिळाली तर पाच-सहा मिनिटे मिळवतो. त्या मिनिटांत त्याला कदाचित एकही शॉट मिळणार नाही. मग दुसऱ्या दिवशीच्या बातमीत त्याच्या नावापुढे शून्य छापले जाते, नातेवाईक फोन करतात, आणि मुलगा पुढच्या सामन्यात मिळालेला पहिला चेंडू घाईघाईने रिंगकडे फेकतो. त्या सहा मिनिटांत त्याने ज्याला रोखले त्याने किती गुण केले, हे कोणी लिहिले असते तर ते शून्य वेगळे दिसले असते.

मुलींच्या बाबतीत तर पारख करण्याची संधीच कमी मिळते. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघाचे कर्णधारपद भूषवले, तरी त्यांच्यामागून येणाऱ्या मुलींच्या सामन्यांचा निकाल आपल्या पानावर एका ओळीत आटोपतो. तिथे गुणांचा आकडासुद्धा पुष्कळदा नसतो.

माझी आपल्याला विनंती अशी, की स्थानिक निकाल छापताना गुणांपुढे घेतलेले आणि पडलेले फ्री थ्रो, फाउल आणि खेळलेली मिनिटे, एवढे तीन आकडे जोडावेत. त्यासाठी लागणारी नोंद जिल्हा संघटनेने ठेवावी, आणि शहरात संख्याशास्त्र शिकणारे इतके विद्यार्थी असताना दोन-तीन जणांना पायऱ्यांवर बसवणे अवघड जाऊ नये. दुसरी विनंती, कोणत्याही मुलाला पदार्पणाआधी परदेशी खेळाडूचे नाव चिकटवू नये, आणि पहिल्या पाच सामन्यांवरून त्याच्याविषयी निकालही देऊ नये. संघांच्या व्यवस्थापनाला एवढेच सांगणे आहे, की चाचणीला मुलगा आला की त्याची उंची मोजण्याआधी त्याला दहा मिनिटे आपल्याहून थोराड खेळाडूंविरुद्ध खेळवून पाहावे.

मी आता टेबलावर बसत नाही, पण वही घेऊन पायऱ्यांवर अजून बसतो. जिल्हा स्पर्धेच्या वेळी आपला वार्ताहर आला, तर नोंद कशी करायची हे मी त्याला आनंदाने दाखवीन. जुन्या वह्याही, खेळाडूंची आणि त्यांच्या पालकांची संमती असेल तर, प्रशिक्षकांना पाहायला देण्याची माझी तयारी आहे.

आपला,
एक निवृत्त स्कोअरर,
कोथरूड, पुणे