शेजारच्या लेनमधल्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव शर्यतीच्या यादीत छापलेलं आहे, त्यामुळे मला ते ठाऊक आहे. पण तुम्हाला न विचारता ते चारचौघांत घेणं बरं नव्हे, म्हणून ताईच म्हणते. पत्र मराठीत लिहितेय, कारण माझ्या इंग्रजीत आभार मानले की ते बँकेतल्या अर्जासारखे वाटतात. तुमच्या घरातलं कोणीतरी फोनवर भाषांतर करून देईलच. भाषांतर वेडंवाकडं झालं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

स्पेनमधल्या बान्योलेसच्या तळ्यावर, मास्टर्स रेगाटातल्या, म्हणजे मोठ्या वयाच्या वल्हवणाऱ्यांच्या स्पर्धेतल्या, आपल्या सिंगल स्कलच्या शर्यतीआधी, तुम्ही माझ्यासमोर दोन मुठी धरल्यात. आधी डावी वर, उजवी खाली. मग उलट. आणि भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलंत.

इथल्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. सिंगल स्कलमध्ये माणूस एकटा, हातात दोन वल्ही. ओढताना मधल्या टप्प्यात दोन्ही मुठी एकमेकींवरून जातात, म्हणून एक हात किंचित वर ठेवावा लागतो आणि त्या बाजूचं गेट, म्हणजे वल्हं ज्यात अडकतं ते, दुसऱ्यापेक्षा सेंटिमीटरभर उंच लावतात. बहुतेक ठिकाणी डावा हात वर. तरीही बोट लावून देणारा शहाणा असेल तर विचारतो.

मला मात्र कोणी विचारलं नव्हतं. आठ मीटर लांबीची बोट पुण्याहून विमानात घालून नेता येत नाही, तेव्हा लांबून येणारे आम्ही सगळे भाड्याच्या बोटीवर. पैसे आधीच भरले होते, उंची-वजन कळवलं होतं. बोट देणाऱ्याने फोन कानाला लावूनच ‘सगळं सेट आहे’ असं खुणेनं सांगितलं. सेट होतं, पण कुठल्यातरी सहाफुटी गड्यासाठी! माझ्या वजनाला बोट पाण्यात बसतच नव्हती, वर तरंगत होती. त्यात गेटं उंच. मुठी छातीशी येत होत्या आणि ब्लेड, म्हणजे वल्ह्याचं पातं, पाण्यात पुरतं बुडत नव्हतं. बूट इतके मोठे की पाऊल आत फिरत होतं. दोन-तीन जणांना सांगून पाहिलं. एकाने घड्याळ दाखवलं, एकाने दुसऱ्या तंबूकडे बोट दाखवलं, आणि त्या तंबूत कोणी नव्हतं.

मग तुम्ही आलात. तुमची स्वतःची बोट ट्रेसलवर, म्हणजे बोट ठेवायच्या घोडीवर, तयार होती, तुम्ही वॉर्मअपला निघाला होतात. माझा चेहरा पाहिलात की गेटं पाहिलीत, कोण जाणे. गेटांखालच्या प्लॅस्टिकच्या चकत्या काढून वर चढवल्यात, स्ट्रेचर, म्हणजे बूट बसवलेली पाय टेकायची फळी, पुढे घेतलात, पिशवीतले जाड मोजे माझ्या बुटांत कोंबलेत. हे सगळं फार मोठं काम झालं, आणि त्याबद्दल मी आयुष्यभर ऋणी आहे. पण रात्री झोप येईना तेव्हा मला आठवत होत्या त्या तुमच्या दोन मुठी.

का, ते सांगते. इतक्या वर्षांत मी बोट मागायला गेले की मला प्रश्न विचारले गेले ते असे: पोहता येतं का? घरी विचारलंय का? सोबत कोण आहे? एका क्लबात, नाव घेत नाही, एक गृहस्थ रजिस्टर मिटून म्हणाले, ‘मॅडम, डबल घ्या, कोणीतरी बरोबर असलेलं बरं. सिंगल उलटली तर जबाबदारी कोणाची?’ त्याच सकाळी त्यांनी विशीतल्या एका मुलाला सिंगल दिली. तो धक्क्यापासून वीस मीटरवर उलटला आणि सगळे कौतुकाने हसले. दुसऱ्या एका कार्यालयात प्रवेश अर्जावर शिक्का हवा होता, तिथे ‘या वयात?’ एवढंच ऐकून परत आले. तुम्ही यातलं काहीही विचारलं नाहीत. मी कुठली, काय वयाची, एकटी का आले, काही नाही. डावा वर की उजवा, इतकंच. वल्हवणाऱ्या माणसाला विचारायचा प्रश्न तेवढाच तर असतो.

त्या रजिस्टरवाल्या गृहस्थांना मी कधीतरी सांगणार आहे की ऑलिंपिकमध्ये पुरुषांची सिंगल स्कल 1900 पासून आहे आणि बायकांची आली 1976 साली, माँट्रिऑलला. तीसुद्धा अर्ध्या अंतराची, 1000 मीटर. पुरुष 2000 मीटर वल्हवणार आणि बायका त्याच्या निम्मं. 1988 च्या सोलपासून अंतर सारखं झालं, आणि त्यामुळे कोणाचं काही बिघडल्याचं ऐकिवात नाही. जगभर रजिस्टर मिटणारे गृहस्थ होते म्हणायचे, फक्त पुण्यातच नाहीत. हा एक दिलासा!

आणि जागा तरी कोणती! 1992 च्या ऑलिंपिकची नौकानयनाची स्पर्धा याच तळ्यावर झाली. कॅनडाची सिल्कन लाउमान त्याआधीच्या वर्षीची जगज्जेती. ऑलिंपिकला जेमतेम दहा आठवडे उरले असताना जर्मनीत एसेनला सरावाच्या वेळी दुसरी बोट तिच्या बोटीवर आदळली आणि उजवा पाय फाटला. पाच शस्त्रक्रिया झाल्या. तरी ती इथे उतरली आणि ब्राँझ घेऊन गेली. सुवर्ण रुमानियाच्या एलिझाबेटा लिपाचं, रौप्य बेल्जियमच्या आनेलीस ब्रेडालचं. लाउमानची गोष्ट सांगताना लोक तिच्या जिद्दीबद्दल बोलतात, ते खरंच आहे. मला मात्र आता वेगळंच वाटतं. त्या पायाने बोटीत बसताना कोणीतरी बोट धरली असेलच ना? गेट कोणीतरी तपासलं असेल. सिंगलला सिंगल म्हणतात, पण धक्क्यापर्यंत एकटं कोणीच जात नाही. त्या बाकीच्यांची नावं निकालात येत नाहीत.

आता मला खुपणारी गोष्ट. मास्टर्समध्ये पदक फक्त पहिल्या येणाऱ्याला. तुम्ही दुसऱ्या आलात, अगदी थोडक्यात. मी कुठे आले ते सोडा, मागे वळून पाहायची गरज पडली नाही इतकी मागे होते. पण माझी गेटं खाली आणण्यात तुमचा सगळा वॉर्मअप गेला, हे मी तळ्यावरच ओळखलं. नंतर तंबूशी येऊन मी ते बोलायला लागले, तर तुम्ही हात झटकून हसलात आणि मला अर्धं संत्रं दिलंत. बाई, तुमच्या जागी मी असते तर इतकं सहज हसले असते का, मला सांगता येत नाही.

तुमचे मोजे माझ्याकडे राहिलेत. धुऊन ठेवलेत. पोस्टाने पाठवायचा विचार होता, पण मग म्हटलं नको, तेवढं एक निमित्त राहू दे. तुम्हीच पुण्याला या. एक आधीच सांगते, तुमच्या तळ्यात खालचे झरे आहेत, पाणी नितळ. आमच्या मुळा-मुठेचं तसं नाही, उन्हाळ्यात तर जलपर्णीतून वल्हं बाहेर काढायलाच ताकद लागते, आणि वासाचं मी लिहीत नाही. तेव्हा पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरात या. सिंगल मिळवून देण्याची जबाबदारी माझी, मग त्या गृहस्थांशी भांडावं लागलं तरी चालेल. उतरायला घरीच यायचं, हॉटेल बघू नका. जेवणात तिखट कमी घालीन असं मात्र मी कबूल करत नाही.

तुमची,
पुण्याची लाल टोपीवाली