बाबा, दादाचा जुना लॅपटॉप नको

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "दादाचा जुना लॅपटॉप पडूनच आहे, तोच पाठव म्हणावं. मला नवा कशाला?" तेवढ्यात आईने बचत गटाचा विषय काढला आणि ते तसंच राहिलं. म्हणून सविस्तर लिहितेय. तो लॅपटॉप घेऊ नका.

तो २०१६ चा आहे, आतला प्रोसेसर इंटेलचा सहाव्या पिढीचा. विंडोज ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी लागते, त्यामुळे तो विंडोज १० वरच अडकलाय. आणि विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मुदतवाढ मिळते, पण ती वर्षभराचीच. ज्या मशीनवर तुम्ही पेन्शनचं खातं उघडणार, ते असं उघड्यावर नको. बॅटरी तर कधीच गेलीय, आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जातात तेव्हा बॅटरीवरच सगळं चालवायचं असतं.

आणि खरं सांगू का, दादाचा जुना फोन, माझा जुना मिक्सर, आमचं वापरून झालेलं सगळं तुम्ही आनंदाने वापरत आलात. आम्हाला मात्र शाळेत असताना कंपासपेटीसुद्धा नवी मिळायची. आजोबांच्या वह्या टाइप करायचं काम तुम्ही हातात घेतलंय, ते काम मोठं आहे. त्याला साजेसं साधन घ्या.

२०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा खालच्या खोलीतला कॉम्प्युटर गेला, वह्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. त्या टाइप करून ठेवायच्या हे तुम्ही तेव्हापासून म्हणताय. लॅपटॉप असला की इशारा आल्याबरोबर उचलून वर नेता येईल, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तुम्ही दुकानदाराने दाखवलेल्या बहात्तर हजारांच्या लॅपटॉपचा फोटो पाठवलात. तो गेमिंगचा आहे. त्यातलं वेगळं ग्राफिक्स कार्ड गेम खेळणाऱ्यांच्या आणि व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांच्या उपयोगाचं. तुम्हाला त्यातून मिळेल काय, तर जास्त वजन, पंख्याचा आवाज आणि लवकर उतरणारी बॅटरी. तुम्ही ठरवलेल्या पंचेचाळीस हजारांत तुमचं आणि आईचं काम होईल. फक्त पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे ते ठरवून घेऊ. माझं मत विचाराल तर पैसे स्क्रीन आणि कीबोर्डवर घाला, प्रोसेसरवर वाचवा. मराठी टाइप करायला, गटाचा हिशोब ठेवायला, आमच्याशी व्हिडिओ कॉल करायला आणि बँकेच्या कामाला इंटेलचा आय थ्री किंवा त्याच्या तोडीचा एएमडी कंपनीचा रायझन प्रोसेसर भरपूर झाला.

बाबा, गणिताच्या मास्तरांना आवडेल अशी एक गोष्ट सांगते. रायझनच्या नावापुढे चार आकडे असतात. ७५२०यू आणि ७५३०यू दिसायला सख्खे भाऊ, पण त्यातला तिसरा आकडा बघायचा. या मालिकेत तो आतली रचना किती जुनी ते सांगतो. २ असेल तर रचना बरीच जुनी, ३ असेल तर त्यानंतरची, ४ असेल तर आणखी नवी. पहिला ७ बघून दुकानदार "लेटेस्ट आहे" म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नका. शिवाय ७५२०यू मध्ये रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, बोर्डावरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही.

रॅमचं बोललेच आहे तर तेही सांगते. सध्या रॅम महागलीय, त्यामुळे १६ जीबी बजेटमध्ये बसली नाही तर ८ जीबी घ्या, पण "एक स्लॉट रिकामा आहे का?" हे विचारूनच. असेल तर भाव उतरल्यावर वाढवू. ४ जीबीवाला कितीही स्वस्त मिळाला तरी नको. डिस्क ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे आत काहीही न फिरणारी वेगवान डिस्क, असू दे. "एक टीबी मिळतेय" म्हणून जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क कोणी गळ्यात मारली तर घेऊ नका, ती चालू व्हायलाच वेळ घेते. वह्यांची सगळी पानं स्कॅन करून ठेवली तरी ५१२ चा कोपराही भरणार नाही.

आता स्क्रीन. बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्हाला चकाकणाऱ्या काचेचा त्रास होतो हे मी पाहिलंय. त्यामुळे चकाकी नसलेला, मॅट स्क्रीन मागा. आकार १५.६ इंच. तुम्ही तो रोज खांद्याला लावून फिरणार नाही, मग छोटा घेऊन डोळे कशाला शिणवायचे? कागदावर १९२० बाय १०८० (स्क्रीनवरचे ठिपके) आणि आयपीएस (बाजूने पाहिलं तरी स्वच्छ दिसणारा स्क्रीन) असं लिहिलेलं पाहिजे. आयपीएसची परीक्षा सोपी आहे. दुकानात पांढरं पान उघडायला सांगा, आई एका बाजूला उभी राहू दे, तुम्ही दुसऱ्या बाजूला. दोघांनाही अक्षरं सारखीच स्वच्छ दिसली पाहिजेत. एका बाजूने करडी किंवा उलट्या रंगाची दिसली तर तो बाजूला ठेवा. अक्षर मोठं करायची सोय विंडोजमध्ये आहे, सगळं १२५ किंवा १५० टक्क्यांवर मी लावून देईन.

कीबोर्डवर स्वतः टाइप करून बघा. दुकानदाराला संकोचून घाईघाईने "हो, छान आहे" म्हणू नका. चांगली दहा मिनिटं बसा. १५.६ इंचीत बहुतेक वेळा उजवीकडे आकड्यांचा वेगळा पट्टा असतो, आई, तो तुझ्यासाठी. गटाचा हिशोब भरताना हात भराभर चालेल. मराठीसाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्डही आहे आणि फोनवर टाइप करता तसं इंग्रजी अक्षरांतून लिहायचं मराठी फोनेटिकही. बाबा, हात दुखले तर गूगल डॉक्समध्ये माइक चालू करून वही मोठ्याने वाचा, मराठी टाइप होत जातं. त्याला इंटरनेट लागतं, आणि आजोबांचे जुने शब्द चुकतील ते नंतर हाताने सुधारावे लागतील, पण निम्मे कष्ट वाचतील.

दुकानदार आणखी दोन-तीन गोष्टी सांगेल. "विंडोजशिवाय घ्या, तीन हजार वाचतील, मी टाकून देतो" म्हणाला तर नको म्हणा. तो टाकेल ते चोरीचं असतं. विंडोज ११ होम कंपनीकडूनच आलेलं पाहिजे. ऑफिससाठी लिब्रेऑफिस फुकट मिळतं, आईच्या हिशोबाला ते पुरेसं आहे. अँटिव्हायरसही विकत नको, विंडोजमधलाच पुरतो. आणि बोटाच्या ठशाच्या बटणाला हयातीच्या दाखल्याशी जोडून भाव वाढवला तर फसू नका. आधारच्या ठशाला वेगळं नोंदणीकृत यंत्र लागतं, लॅपटॉपवरचं बटण तिथे चालत नाही. तुमचा दाखला नोव्हेंबरमध्ये फोनवर चेहरा दाखवूनच होईल.

ऑनलाइन हजार-दोन हजार स्वस्त मिळेल, तरी मी चिपळूणच्या दुकानातूनच घ्या म्हणेन. काही अडलं तर चालत जाता येतं. मात्र वॉरंटीत माणूस घरी येतो का, की मशीन पुण्याला पाठवावं लागतं, ते बिल करण्याआधी विचारा. शक्य असेल तर तीन वर्षांची वॉरंटी घ्या.

पैसे तुम्हीच देणार म्हणालात, ठीक आहे, त्यावर मी वाद घालत नाही. पण वह्यांची दुसरी प्रत ठेवायला बाहेरची हार्ड डिस्क मी पाठवतेय, ती नाही म्हणू नका. ती माळ्यावर ठेवायची आणि तिसरी प्रत गूगल ड्राइव्हवर, तिथे १५ जीबी फुकट आहे.

शनिवारी दुकानात गेलात की व्हिडिओ कॉल करा, मी मोकळीच आहे. आई, खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो तू पाठव, बाबा नेहमी अर्धा स्टिकरच घेतात.

तुमची,
मनू

ता. क. लॅपटॉप सुरू झाल्यावर कधी स्क्रीनवर "व्हायरस आलाय, या नंबरवर फोन करा" असं आलं तर त्या नंबरवर अजिबात फोन करू नका. मायक्रोसॉफ्ट असा नंबर देत नाही. मला फोन करा, रात्री दोनला केलात तरी चालेल. आणि पैशांचं काही झालंच तर आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला.