ट्रेलर ओढण्याआधी दाराच्या चौकटीवरचा आकडा वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की मिशिगन, ओहायो, न्यू जर्सी, ओंटारियो इथली बरीच मंडळी गाडीला ट्रॅव्हल ट्रेलर (चाकांवरचे छोटे घर) जोडून फ्लोरिडाची वाट धरतात. त्यांत मराठी कुटुंबेही असतात आणि अनेकदा भारतातून आलेले आई-वडील सोबत असतात. अशा सहलींवर मराठीत जे लिहिले जाते ते समुद्रकिनाऱ्यांबद्दल आणि शेकोटीबद्दल. गाडीला किती वजन पेलते हा प्रश्न राहून जातो, आणि अपघात नेमके तिथेच होतात.

‘ही एसयूव्ही सात हजार पौंड ओढते’ या जाहिरातीवर विसंबून ट्रेलर घेऊ नये. तो आकडा साधारणपणे गाडीत जेमतेम दोन माणसे धरून काढलेला असतो. खरी मर्यादा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेली असते : माणसे आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको. समजा तिथे 1,300 लिहिले आहे. भरलेला ट्रेलर 5,800 पौंडांचा असेल, तर त्यातले साधारण साडेबारा टक्के, म्हणजे 725 पौंड, थेट हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर येतात. वजन विभागणाऱ्या हिचचे स्वतःचे 80 धरा. उरले 495. चार मोठी माणसे सरासरी दीडशे पौंडांची धरली तरी 600 होतात. डिकीत एक पिशवीही न ठेवता गाडी मर्यादेबाहेर गेली! हिचच्या दांड्या थोडा भार ट्रेलरच्या चाकांवर परत ढकलतात हे खरे, पण त्या भरवशावर हिशेब करू नये. एक तर ट्रेलर हलका घ्यावा, नाही तर पिकअप.

इथे एक घातक उपाय हमखास केला जातो. हिचवरचा भार कमी व्हावा म्हणून तांदळाची पोती, कूलर, पाण्याचे कॅन ट्रेलरच्या मागच्या टोकाला नेले जातात. हिचवरचा भार एकूण वजनाच्या दहा टक्क्यांखाली गेला की ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो, आणि शेजारून मोठा ट्रक गेला की ते डुलणे वाढते. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबू नये. पाय ॲक्सिलरेटरवरून अलगद उचलावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि ब्रेक कंट्रोलरची (ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या, चालकाजवळच्या उपकरणाची) कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत. बर्फाळ रस्त्यावर मात्र त्याच कंट्रोलरचा जोर आधीच कमी करून ठेवावा, नाही तर ट्रेलरची चाके जाम होऊन घसरतात. घर्षणावर चालणारी डोलरोधक पट्टी असेल, तर तीही निसरड्या रस्त्यावर सैल करावी.

भार अंदाजाने ठरवू नये. महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे वजनकाटे असतात. हिचच्या दांड्या सैल करून आधी ट्रेलरसह वजन करावे, मग माणसे-सामान तेच ठेवून नुसत्या गाडीचे. गाडीच्या दोन्ही ॲक्सलांच्या बेरजेत जो फरक पडेल, तो हिचवरचा भार.

टायरांचेही गणित थंडीत बदलते. तापमान दहा अंश फॅरनहाइट उतरले की हवा सुमारे दोन टक्के कमी होते, म्हणून दाब रोज सकाळी, चाके थंड असताना पाहावा. ट्रेलरच्या एसटी (खास ट्रेलरसाठीच्या) टायरवर वेगळा वेग छापलेला नसेल, तर ताशी 65 मैल हीच मर्यादा. चाके काढून बसवली असतील तर नट 10, 25 आणि 50 मैलांवर टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत.

ट्रेलरमधल्या पाण्याच्या नळ्यांबाबत घाई नको. निघताना त्यांत गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ (नळ्या गोठून फुटू नयेत म्हणून भरलेला द्रव) तसेच राहू द्यावे. प्यायला बाटल्या आणि संडासात ओतायला त्याच अँटीफ्रीझचा एक कॅन पुरतो. मोटारीच्या रेडिएटरचे इथिलिन ग्लायकॉल विषारी असते, ते या नळ्यांत कधीही घालू नये. रात्रीचे तापमान गोठणबिंदूच्या वर राहील अशा भागात, बहुधा दक्षिण जॉर्जियात पोहोचल्यावरच, नळ्या धुवाव्यात. मग दर 15 गॅलन पाण्याला पाव कप साधे ब्लीच घालून ते चार तास ठेवावे आणि वास जाईपर्यंत पाणी सोडावे. गिझर पूर्ण भरून गरम नळातून पाणी आल्याशिवाय त्याची वीज चालू करू नये. कोरडे एलिमेंट काही सेकंदांत जळते.

वाटेतल्या मुक्कामी वीजजोडणी नसेल, तर ट्रेलर गरम ठेवणारी गॅसची भट्टी पहाटे बंद पडते. बहुतेकांना वाटते गॅस संपला. तसे नसते. 20 पौंडांचा प्रोपेन सिलिंडर ताशी 30,000 बीटीयू (उष्णतेचे एकक) देणारी भट्टी सलग चौदा तास चालवतो. आधी संपते ती बॅटरी, कारण भट्टीचा पंखाच सात-आठ अँपिअर खातो. 100 अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीतले निम्मेच वापरण्याजोगे असतात. वृद्ध सोबत असतील तर रोज वीजजोडणी असलेलीच जागा घ्यावी. तिथेही 30 अँपिअर म्हणजे 3,600 वॉट. 1,800 वॉटचा इंडक्शन आणि 1,500 वॉटचा हीटर एकत्र लावला की जेमतेम 300 वॉट उरतात; मायक्रोवेव्ह सुरू करताच ब्रेकर पडतो.

न्यू जर्सीहून आय-95 ने जाणाऱ्यांनी बॉल्टिमोरचे दोन्ही बोगदे टाळावेत, कारण ट्रेलरवरचे नेहमीचे प्रोपेन सिलिंडर तिथे चालत नाहीत. शहराला वळसा घालणाऱ्या आय-695 वरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल मार्च 2024 मध्ये कोसळला, त्यामुळे त्या रस्त्याची पश्चिमेकडची बाजू धरावी.

आणखी एक. ‘आईला पाठ टेकायची आहे’ म्हणून चालत्या ट्रेलरमध्ये कोणालाही बसवू नये. अनेक राज्यांत तो गुन्हा आहे, आणि जिथे नाही तिथेही आत सीटबेल्ट नसतो. दर दोन तासांनी थांबावे, ट्रेलरमध्ये पडू द्यावे, मग पुन्हा गाडीत घ्यावे.

परतताना जॉर्जिया सोडण्याआधी गिझर रिकामा करून बायपास करावा (म्हणजे अँटीफ्रीझ त्यात शिरणार नाही) आणि दोन-तीन गॅलन गुलाबी अँटीफ्रीझ प्रत्येक नळातून येईपर्यंत फिरवावे. बाहेरचा शॉवर विसरला जातो. तोच पहिला फुटतो.

आपला,
एक वाचक, डेट्रॉइट परिसर