आठवण : शनिवारी जोन अर्डलीची चित्रं

मंडळी, येत्या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या खोलीत जोन अर्डली (१९२१–१९६३) हिची निसर्गचित्रं पडद्यावर बघायची आहेत. ग्लासगोच्या गल्लीबोळांतली पोरं रंगवणारी ही बाई स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या कॅटरलाइन या चिमुकल्या गावात राहायला गेली आणि भर वादळात समुद्रासमोर उभी राहून चित्रं काढू लागली. शेतांच्या चित्रांत तर रंगाच्या थरात खऱ्या गवताच्या काड्या, बिया रुतलेल्या आहेत! तेवढा भाग मोठा करून दाखवू. ४२व्या वर्षीच गेली बिचारी.

खुर्च्या मोजक्या आहेत, येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका. आणि कुणाकडे एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर आणा. मागच्या वेळचा कुठे गेला, देव जाणे.