‘डॅझल शिप्स’ मधेच सोडू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

ओएमडी या ब्रिटिश बँडचा ‘आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी’ हा अल्बम तुला इतका आवडला, आणि त्यांचा पुढचा ‘डॅझल शिप्स’ मात्र तिसऱ्या ट्रॅकवरच बंद केलास, हे वाचून जीव हळहळला. १९८३ साली ब्रिटनमध्येही अनेकांचं असंच झालं होतं.

ओएमडीच्या अँडी मॅकक्लस्की आणि पॉल हम्फ्रीज यांची तेव्हाची स्थिती बघ. १९८१च्या ‘आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी’मधली तिन्ही सिंगल्स, म्हणजे वेगळ्या तबकडीवर काढलेली गाणी, ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या पाचांत गेली. त्यातली दोन तर जोन ऑफ आर्क या फ्रेंच वीरांगनेवर! लाखो प्रती खपल्या. पुढचा अल्बम तसाच हवा, ही सगळ्यांची अपेक्षा. त्यांना तीच वाट पुन्हा तुडवायची नव्हती आणि नवी गाणीही भराभर सुचत नव्हती. मग त्यांनी शॉर्टवेव्ह रेडिओ लावला. ‘डॅझल शिप्स’ उघडतो तोच प्राग रेडिओच्या ओळखधुनीनं. पुढे एका ट्रॅकमध्ये जगभरच्या टेलिफोनवर वेळ सांगणारे आवाज एकमेकांवर चढत जातात, बाकी काही नाही. ‘जेनेटिक इंजिनिअरिंग’मध्ये मुलांना स्पेलिंग शिकवणारं बोलकं खेळणं आहे. ‘इंटरनॅशनल’च्या सुरुवातीला तर निकाराग्वातल्या, हात तोडलेल्या मुलीची बातमी येते आणि मग मॅकक्लस्की जे गातो, ते मला आजही सलग ऐकवत नाही.

अल्बमचं नाव सुचलं ते चित्रकार एडवर्ड वॉड्सवर्थच्या १९१९च्या चित्रावरून. पहिल्या महायुद्धात जहाजांवर काळेपांढरे वेडेवाकडे पट्टे रंगवत, तीच ‘डॅझल शिप्स’. जहाज लपावं म्हणून नव्हे, तर ते कुठे आणि किती वेगानं चाललंय याचा पाणबुडीला अंदाज येऊ नये म्हणून. वॉड्सवर्थनं स्वतः लिव्हरपूलच्या गोदीत अशा रंगकामावर देखरेख केली होती आणि मॅकक्लस्की-हम्फ्रीज ही दोघं लिव्हरपूलसमोरच, मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावरची. नाव किती आतून आलंय बघ!

अल्बम पाचव्या क्रमांकापर्यंत गेला, पण ती पुण्याई आधीच्या अल्बमची. ‘जेनेटिक इंजिनिअरिंग’ विसाव्यावर थांबलं, ‘टेलिग्राफ’ बेचाळिसाव्यावर. खपाच्या बाबतीत तर आधीच्याशी तुलनाच नको.

माझं मत विचारशील तर उणीव आहे, पण ती प्रयोगांत नाही. गाणी कमी पडली. ‘द रोमान्स ऑफ द टेलिस्कोप’ आणि शेवटचं ‘ऑफ ऑल द थिंग्ज वुई हॅव मेड’ ही दोन्ही सुंदर गाणी मुळात आधीच्या सिंगल्सच्या तबकड्यांच्या मागच्या बाजूची. दोन-तीन नवी तशी असती, तर तुटक तुकड्यांना आधार मिळाला असता.

मला खरं दुःख पुढच्या गोष्टीचं आहे. १९८४च्या ‘जंक कल्चर’मध्ये ते बरेच सोप्या, नाचऱ्या गाण्यांकडे वळले. ‘लोकोमोशन’ पुन्हा पाचव्या क्रमांकावर गेलं. चांगलं गाणं आहे, पण इतकी जोखीम त्यांनी नंतर बरीच वर्षं घेतली नाही. अपयशानं दोन हुशार माणसांना सावध करून टाकलं, याचा मला अजून राग येतो.

आता एक कर. क्रमानं ऐकू नकोस. आधी ‘टेलिस्कोप’, मग ‘सायलेंट रनिंग’, मग ‘इंटरनॅशनल’. त्यानंतर पहिल्यापासून, हेडफोन लावून, सलग. पुरता पस्तीस मिनिटांचाही नाही. तरीही नाही आवडला तर का नाही, ते सविस्तर लिही.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
मित्र